शेंबीखालचं नाव

चाचा, तुमच्या मृत्यूची नोंद करायला नगरपालिकेत मीच गेलो होतो. खिडकीपलीकडच्या मुलीनं नाव विचारलं, मी उस्मान सांगितलं. वडिलांचं विचारलं, हुसेन सांगितलं. आडनाव विचारलं, टर्नर सांगितलं. तिची कीबोर्डवरची बोटं थांबली. मला समजावत म्हणाली, "काका, ते काय काम करायचे ते खालच्या रकान्यात येतं. आधी आडनाव सांगा."

सवयीनं मी डावीकडं बघितलं. अशा वेळी तुम्ही माझ्या डावीकडं असायचा आणि पाठीवर तुमची थाप पडायची. डावीकडं सातबाऱ्यासाठी आलेले एक गृहस्थ चुकीच्या खिडकीला उभे होते. मग तुम्ही जे म्हणाला असता तेच मी म्हटलं: "पोरी, दोन्ही रकान्यांत तेच लिही, तुझा वेळ वाचेल." तिनं लिहिलं. अख्ख्या खानदानात दोन्ही रकाने जुळलेले तुम्ही शेवटचे.

आता कबूल करतो. त्या वेळी माझ्या खिशात एक घडी घातलेला अर्ज होता. मी मुश्ताक टर्नर, माझी बायको आणि मुलगा यांचं आडनाव बदलून खरादी करावं, राजपत्रात तशी जाहिरात द्यावी, असा. सही झालेली, फोटो चिकटवलेले. फोटोत मी गुन्हेगारासारखा दिसतो, ते बरोबरच आहे. तुमच्या नोंदीचं काम उरकलं की पलीकडच्या चौकातल्या सेवा केंद्रावर तो देऊन यायचा, असं मी ठरवून आलो होतो. तुम्हाला दफन करून तेव्हा चारच दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला जमलेल्या नातेवाइकांनीच सुचवलं होतं ते. चहा पिता पिता एक म्हणाले, "म्हाताऱ्यापायी राहिलं होतं. आता अडवणारं कोण आहे?" मी मान हलवली. मास्तर माणूस, कुणी काही म्हटलं की आधी मान हलवतो.

हे परके लोकही वाचतील, म्हणून थोडं मागचं सांगतो. तुम्हाला पाठ आहे, तरी ऐका. चूक काढू नका.

आपण महाबळेश्वरचे. बाजारपेठेत इंग्रजांच्या काळी एका साहेबाचं काठ्यांचं दुकान होतं, त्याचं आडनाव टर्नर. काठ्या करायचे आपले दादामियाँ, म्हणजे तुमचे आजोबा, माझे पणजोबा. दोरीनं फिरणाऱ्या खरादावर, म्हणजे लाकूड गोल करायच्या जुन्या लेथवर, पायाच्या अंगठ्यानं पटाशी धरून. मुठीच्या खाली साहेबाच्या नावाचा ठसा तापवून मारायचा आणि काठी दुकानात जायची. साहेब विलायतेला परत गेला, आणि त्याचं नाव आपल्याकडं राहिलं. एवढ्यावर घरात सगळ्यांचं एकमत. पुढं भांडण.

अब्बा म्हणजे तुमचे थोरले भाऊ सांगायचे, की जाताना साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं ठसा दादामियाँच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, आजपासून तू टर्नर. अब्बा हे सांगताना साहेबाच्या जागी स्वतःच रडायचे. त्यांना त्या गोष्टीचा अभिमान होता. मला त्याच गोष्टीची लाज वाटायची. मालक गेला आणि गळ्यातला पट्टा तेवढा ठेवून गेला, असं मी कॉलेजात असताना म्हटलं होतं, आणि अब्बांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तुम्ही एकटेच म्हणायचा की गोष्टच खोटी आहे.

"दिलं न्हाई रं. घेतलं."

तुमची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की तुमचा खोकला कुठल्या वाक्याला येतो तेही सांगू शकतो. साहेबाच्या खानसाम्यानं एकदा दादामियाँना सांगितलं, तुझ्या साहेबाच्या आडनावाचा अर्थ खरादी. त्यांच्या मुलखात जो लाकूड खरादावर धरायचा त्याला हे नाव पडायचं, मग ते पोराला, नातवाला चिकटलं. धंदा कवाच सुटला, नाव राहिलं. दादामियाँ लय हसले म्हणे. म्हणाले, "साहेबाच्या हाताला कधी भुसा लागलेला बघितलाय का कुणी? मग हितं टर्नर कोण हाय?" आणि त्यांनी स्वतः एक ठसा केला. इंग्रजी अक्षर येत नव्हतं. साहेबाच्या नावाची काठीवरची अक्षरं समोर ठेवली आणि जशी दिसतात तशीच लोखंडात कोरली. सुलटी कोरली, म्हणून लाकडावर उलटी उठली. आरशात दिसतात तशी. दादामियाँना ते कळलं नाही, आणि सांगणार कोण? तो ठसा ते प्रत्येक काठीच्या तळाला मारायचे आणि वरून पितळेची शेंबी, म्हणजे टोकाची टोपी, ठोकून बसवायचे. साहेबाचं नाव मुठीशी, सगळ्यांना दिसेल असं. यांचं तळाला, शेंबीखाली, कुणालाच न दिसेल असं.

"साहेबानं दिलेला ठसा असता, तर सुलटा उठला असता का न्हाई?" हा तुमचा हुकमी सवाल.

"पण चाचा, उलटं, त्यात झाकलेलं. मग ते वाचणार कोण?"

"वाचायला न्हाई रं मारला. असावा म्हणून मारला."

मी पुरावा मागायचो. मास्तरकीचा रोग. तुम्ही म्हणायचा, जुनी काठी आण आणि शेंबी काढून बघ. जुनी काठी कुठून आणू? सगळ्या साहेबांबरोबर विलायतेला गेलेल्या. आपल्या घरात एकही नाही, कारण खरादी काठी करतो, विकतो, ठेवत नाही. आणि तो ठसा? महाबळेश्वरच्या एका पावसाळ्यात दुकानाचं छप्पर बसलं, त्यात गेला. तुम्ही साताऱ्यात पेठेत येऊन नवं दुकान थाटलं, तेव्हा लोहाराकडून नवा ठसा करून घेतला, तो सुलटा. म्हणजे पुराव्याच्या नावानं तुमचा शब्द, आणि तुमचा शब्द कसा होता ते सगळ्या पेठेला ठाऊक. मागच्या वर्षी तुम्ही एका पर्यटकाला सांगितलंत की ही काठी टेकली की गुडघे दुखत नाहीत. तो निघून गेल्यावर मी बघितलं तर तुम्ही स्वतः दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत होता.

तर मी विश्वास ठेवला नाही. आडनाव मात्र मलाच वागवावं लागलं. तुम्ही दुकानात बसायचा, तिथं पाटीच टर्नरची, कुणाला काही वाटायचं नाही. मी सांगलीच्या शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवतोय. इंग्रजीला जोशी बाई आणि मराठीला टर्नर सर. दर जूनला पाचवीचा नवा वर्ग माझ्या तासाला इंग्रजीचं पुस्तक काढून बसतो. माझं लग्न ठरलं तेव्हा नसीमचे वडील मिरजेहून आले, तुम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "निकाहच होणार ना? केक वगैरे नाही ना?" तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणालात, "केक बी ठिवतो, तुमी फकस्त या." ठेवलात की खरंच! बेकरीतला, गुलाबी, त्यावर माझं नाव चुकीचं. सासरे आयुष्यभर त्या केकचा विषय काढत राहिले.

हे सगळं मी चेष्टेवारी नेलं असतं. पण माझा मुलगा आदिल पुण्याला नोकरीला लागला आणि तिथं कुणीतरी त्याला विचारलं, "हे झालं, पण खरं आडनाव काय?" एकदा नाही, रोज कुणीतरी. भाड्यानं खोली घेताना, डबेवाल्याकडं, ऑफिसात. एका संध्याकाळी तो फोनवर म्हणाला, "अब्बा, मला रोज एकदा खोटं पाडतात." त्याचा आवाज लहानपणी गुडघा फुटल्यावर यायचा तसा होता. त्या आठवड्यात मी अर्ज भरला.

आणि तो घेऊन तुम्हाला दाखवायला आलो. का आलो कुणास ठाऊक, तुमची सही लागत नव्हती. तुम्ही लेथवर खुर्चीचा पाय धरला होता. मशीन बंद केलंत, भिंग लावून सगळा अर्ज वाचलात, माझा फोटो दोनदा बघितलात.

"खरादी. चांगलं हाय नाव. पण तू खरादी कुठं हायस? एक खुंटी तरी गोल करून दाव."

लागलं मला ते. मी म्हटलं, "मग टर्नर तरी कुठं आहे मी?"

तुम्ही खुर्चीच्या पायावरचा भुसा झटकलात. भिंग पुसलंत, खिशात ठेवलंत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा झाला होता, आणि मी तो माझा विजय धरला. चहाला थांबलो नाही. दुपारच्या एसटीनं सांगलीला गेलो. कराडपर्यंत फार खुशीत होतो. कराडच्या पुढं तितकासा नव्हतो.

दीड महिन्यानं तुमचा फोन आला. "येऊन जा की मुश्ताक. एक गंमत हाय."

"पेपर तपासतोय चाचा. आटोपलं की येतो."

"किती राहिलेत?"

"दोन गठ्ठे."

"मग ये. घाई न्हाई."

एक गठ्ठा झाला होता, तेव्हा शेजाऱ्यांचा फोन आला. तुम्ही सकाळी चहा पिऊन, लेथपाशी स्टुलावर बसल्या बसल्या गेला होता. हातात कानस होती म्हणे. दुसरा गठ्ठा तपासताना मी सगळ्यांना दोन दोन गुण जास्त दिले. मुलांना वाटत असेल की टर्नर सर सुधारले.

आता त्या गमतीकडं येतो, चाचा. नगरपालिकेतून बाहेर पडलो, केंद्रावर गेलो, तर त्यांचं जेवण चालू होतं. अर्धा तास काढायचा म्हणून दुकानाचं कुलूप उघडलं. भुशाचा वास तसाच. दहा मिनिटं झाली असतील, दारात एक उंच म्हातारे उभे राहिले. टोपी, मिशा, पाठ सरळ.

"आवं, उस्मानभाई हायत का?"

मी सांगितलं. ते तिथंच उभ्या उभ्या ताठ झाले, पाय जुळवले, मग टोपी काढली. आष्ट्याचे होते, रिटायर्ड सुभेदार, घरचा ऊस. नाक पुसून म्हणाले, "माझी काठी राहिलीया त्यांच्याकडं. आमच्या आज्याची. तेला लढाईवरनं आल्यावर तेच्या साहेबानं दिल्याली. शेंबी ढिली झालीया. दिऊन तीन आठवडं झालं."

काठी खुंटीवर होती. शिसवी. मुठीखाली इंग्रजीत टर्नर, व्यवस्थित, सुलटं. मी बघत राहिलो. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला नेहमीच वेळ लागतो, त्यामुळं मी सुभेदारांना म्हटलं, "तीन आठवडे झाले म्हणता, मग बसवली का नाही त्यांनी? पाच मिनिटांचं काम."

"मी बी तेच म्हटलं. तर म्हणाले, आत्ता न्हाई. पुतण्या येणार हाय सांगलीचा, तेच्या म्होरं काढायची हाय. मास्तर हाय, पुरावा मागतोय."

आणि हसले म्हणे तुम्ही. खोकला येईपर्यंत.

त्यातले दोन आठवडे तरी तुम्ही होता, चाचा. काठी हातात होती, मुठीवरचं नाव तुम्ही वाचलेलं होतं, पक्कड तर समोरच टांगलेली. एक हिसका, आणि तुम्हाला बघता आलं असतं. मी असतो तर राहवलंच नसतं. तुम्ही ती खुंटीला अडकवलीत आणि माझे गठ्ठे संपायची वाट बघितलीत. ज्या शेंबीखाली तुमचा आयुष्यभराचा शब्द खरा होणार की खोटा, ती तुम्ही उघडली नाहीत, कारण मी नव्हतो.

मी पक्कड घेतली. सुभेदारांनी काठी धरली. ढिली म्हणता म्हणता शेंबी काही सुटेना. मी ओढतोय, सुभेदार ओढतायत, त्यांचं चाललंय, "मास्तर, उजवीकडं फिरवा, आवं उजवीकडं, हा डावा हात झाला." शेवटी टक्कन निघाली आणि मी भुशात बसलो. माझं आणि भुशाचं नातं तेवढंच.

शेंबीच्या आतलं लाकूड कोरडं, फिकट, आजवर वारा न लागलेलं. आणि त्यावर सहा अक्षरं. शेवटचं पहिलं, पहिलं शेवटी, प्रत्येकाचं तोंड भलतीकडं. एका अक्षराचा पाय जरा आखूड. लोखंड कोरताना छिन्नी घसरली असेल.

उलटं होतं, चाचा. उलटं होतं.

सुभेदारांनी वाकून बघितलं. "ह्ये काय लिवलंय? वाचता येत न्हाई."

"वाचायला नाही मारलं," मी म्हटलं, आणि बाहीनं डोळे पुसले. सुभेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी तुमच्यासाठी रडतोय. होतोच, पण अर्धं दादामियाँसाठी. साहेबाच्या दुकानात, साहेबाच्या लाकडावर, साहेबाचंच नाव चोरून स्वतःच्या हातानं मारणारा तो माणूस. पकडला जाऊ नये म्हणून वर पितळ ठोकणारा. मी त्याला पट्टा घातलेला म्हटलं होतं. ज्या नावाला मी लाजलो ते त्यानं मागितलं नव्हतं, त्याला मिळालंही नव्हतं. ते त्याच्या हातचं काम होतं, चुकलेल्या अक्षरांसकट.

मी मोबाइलवर फोटो काढून आदिलला पाठवला, सगळं लिहून. दोन मिनिटांत त्याच फोटोची आरशात धरल्यासारखी फिरवलेली प्रत आली. खाली त्यानं लिहिलं होतं, "अब्बा, आता नीट वाचता येतंय!" मी उत्तर पाठवलं, "नीट करू नकोस. तसंच ठेव." मग त्याचं आलं, "उद्या ऑफिसात कुणी विचारलं तर हाच दाखवतो." पुढं त्याचं तो बघेल. मोठा झालाय. पण त्याला खोटं पाडणाऱ्यांना मी इथूनच सांगतो: आमचं खरं आडनाव टर्नर. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्यापेक्षा आम्ही ते जास्त दिवस राबवलंय. कुणाला हवं असेल तर त्यानं आधी लाकूड गोल करावं, मग मागायला यावं. दिलं तर देऊ.

आणि जियारतीला चहा पिता पिता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही राहिलंय. अडवणारं आता मी आहे. मान हलवली होती, ती परत घेतो.

"बसवता न्हवं शेंबी?" सुभेदार म्हणाले. त्यांना पाचची गाडी गाठायची होती.

मी शेंबी लावून बघितली. लाकूड सुकून आत गेलेलं, शेंबी गोल गोल फिरत होती. काय करतात अशा वेळी, मला कुठं ठाऊक? सुभेदारांनीच सांगितलं, "उस्मानभाई कागदाची पट्टी गुंडाळायचे. जाड कागद पायजे. मग ठोकायचं."

जाड कागद. मी दुकानभर शोधला. वर्तमानपत्र पातळ, पॉलिश पेपर खरखरीत. मग खिशात हात घातला.

चांगला कागद होता, चाचा. त्याची उभी पट्टी फाडली, दादामियाँच्या उलट्या अक्षरांवरून दोन वेढे घातले. नाव बदलण्याचा अर्ज नावावरच घट्ट बसला. माझ्या फोटोचा एक कान बाहेर राहिला होता, तो आत दुमडला. शेंबी चढवली आणि तुमच्या हातोडीनं ठोकली. पहिला घाव अंगठ्यावर, दुसरा अंगठ्यावर, तिसरा शेंबीवर. सुभेदारांनी काठी जमिनीवर आपटून बघितली, सगळा भार टाकून बघितला. "घट झाली," म्हणाले. "तुमी बी टर्नरच न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

हे लिहिताना नख अजून काळं आहे. नसीम म्हणते, डॉक्टरला दाखव. दाखवीन, दोन गठ्ठे झाले की. आष्ट्याचे सुभेदार मात्र रोज सकाळी उसाच्या बांधावरून फेरी मारतात, आणि माझ्या अर्जावर टेकत टेकत चालतात.